आर्मेनियन नरसंहार आणि जर्मन संसद: २०१६ च्या ठरावाचं प्रकरण

२ जून २०१६ ला जर्मनीच्या संसदेने, म्हणजे बुंडेसटागने, एक ठराव पास केला. पहिल्या महायुद्धात ऑटोमन साम्राज्यात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या आधीच्या राज्यात, आर्मेनियन आणि इतर ख्रिश्चन अल्पसंख्याकांचं जे झालं तो नरसंहार होता असं त्यात सरळ लिहिलं होतं. विरोधात एक मत पडलं, एक जण तटस्थ राहिला. ज्या विषयावर एवढं एकमत होतं त्याला शंभर वर्षं का लागली आणि पास झाल्यावर तीन महिन्यांत सरकारच का चाचरायला लागलं, हे नीट कळावं म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतोय. अमेरिकेत, फ्रान्समध्ये, नेदरलँड्समध्येही हा वाद झालाय, पण जर्मनीचं प्रकरण मला जास्त शिकवणारं वाटतं कारण जर्मनी त्या युद्धात ऑटोमन साम्राज्याची मित्र होती, आणि आज तुर्की मुळं असलेले साधारण तीस लाख लोक तिथे राहतात.

मोठ्या पदांवरच्या लोकांची नावं येतील. ज्या खासदारांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या त्यांची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत.

पार्श्वभूमी

२४ एप्रिल १९१५ ला कॉन्स्टँटिनोपलमध्ये, म्हणजे आजच्या इस्तंबूलमध्ये, दोनशेहून जास्त आर्मेनियन लेखक, वकील, डॉक्टर, पत्रकार, पुढारी यांना रातोरात उचललं. त्यातले बहुतेक पुढे मारले गेले. मे महिन्याच्या शेवटी हद्दपारीचा कायदा आला आणि अनातोलियातल्या गावागावातून आर्मेनियन लोकांना घराबाहेर काढून सीरियाच्या वाळवंटाकडे चालवत नेलं. पुरुषांना बऱ्याचदा आधीच वेगळं काढून मारलं, बायका-मुलं-म्हातारी माणसं भुकेने, आजाराने, हल्ल्यांत रस्त्यावरच गेली आणि जी सीरियातल्या देर-एझ-झोरपर्यंत पोचली त्यांचे तिथे १९१६ मध्ये पुन्हा मुडदे पाडले. मृतांचे अंदाज सहा लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत जातात, बुंडेसटागच्या ठरावात दहा लाखांहून जास्त म्हटलंय. अश्शुरी, अरामी, खाल्डियन ख्रिश्चनही यात भरडले गेले, त्यांचा उल्लेख बहुतेक चर्चांमध्ये राहूनच जातो.

हे सगळं चाललं तेव्हा सत्ता तरुण तुर्क नावाच्या राजकीय गटाच्या कमिटीकडे होती आणि गृहमंत्री होता तलात पाशा. युद्ध हरल्यावर इस्तंबूलमध्येच लष्करी कोर्टाने १९१९ मध्ये त्याला गैरहजेरीत फाशीची शिक्षा दिली, हे मुद्दाम सांगतोय कारण आज असं चित्र उभं केलं जातं की हा आरोप बाहेरच्यांनी लावलेला आहे. पहिला निकाल ऑटोमन कोर्टाचाच होता. पुढे मुस्तफा केमालचं नवं राज्य आलं, खटले बंद पडले आणि विषयावर जाड पडदा पडला.

तुर्कस्तानची अधिकृत भूमिका अशी की मृत्यू झाले, दुःखद आहे, पण युद्धाच्या धामधुमीत दोन्हीकडची माणसं मेली, एका समाजाला संपवायचा हेतू नव्हता, म्हणून याला नरसंहार म्हणता येत नाही. २०१४ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान एर्दोआन यांनी आर्मेनियन लोकांच्या वंशजांबद्दल सहवेदना व्यक्त केली होती आणि तेही त्या देशासाठी नवीनच होतं. पण नरसंहार या शब्दापाशी गाडी अडते. राफाएल लेमकिन या कायदेतज्ज्ञाने हा शब्द १९४४ मध्ये पुस्तकात पहिल्यांदा वापरला, १९४८ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा करार झाला, आणि आर्मेनियन लोकांचं जे झालं ते आपल्या डोक्यात होतं हे लेमकिनने स्वतः सांगितलेलं आहे. त्यामुळे शब्द नंतरचा, घटना आधीची, मग तो लागू कसा, हा आक्षेप मला कधी पटला नाही. ज्या घटनांवरून शब्द घडला त्यांनाच तो लागू नाही म्हणणं विचित्र आहे.

जर्मनीचा यात हात किती

बर्लिनला सगळं माहीत होतं. ऑटोमन सैन्यात जर्मन अधिकारी होते, बगदाद रेल्वेवर जर्मन इंजिनिअर होते, अलेप्पो-एर्झुरुममधले जर्मन कॉन्सुल रिपोर्ट पाठवत होते. हे रिपोर्ट आजही जर्मन परराष्ट्र खात्याच्या दप्तरात आहेत आणि ते मित्रदेशाचे रिपोर्ट आहेत, शत्रूचा प्रचार म्हणून बाजूला टाकता येत नाहीत. डिसेंबर १९१५ मध्ये राजदूत वोल्फ-मेटरनिखने सुचवलं की आता आपण जाहीरपणे निषेध करायला हवा. चॅन्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख, बेथमान होलवेगने त्यावर लिहिलं की आपला एकच उद्देश, युद्ध संपेपर्यंत तुर्कस्तानला आपल्या बाजूला ठेवणं, मग त्यात आर्मेनियन मेले काय न मेले काय.

जानेवारी १९१६ मध्ये कार्ल लीबक्नेख्त या खासदाराने राइखस्टागमध्ये, म्हणजे तेव्हाच्या जर्मन संसदेत, प्रश्न विचारला की आपल्या मित्रदेशात लाखो आर्मेनियन लोकांना हाकललं आणि मारलं जातंय हे सरकारला माहीत आहे का. सरकारने गोलमोल उत्तर दिलं, त्याने पुढचा प्रश्न विचारायला घेतला तर त्याला बोलूच दिलं नाही. पाद्री योहानेस लेप्सियसने सगळी माहिती गोळा करून रिपोर्ट छापला, त्यावर लष्करी सेन्सॉरने बंदी घातली. आणि युद्ध हरल्यावर तलात पाशा जर्मन जहाजातून पळून बर्लिनलाच येऊन राहिला. मार्च १९२१ मध्ये सोगोमोन तेहलिरियन नावाच्या आर्मेनियन तरुणाने त्याला बर्लिनच्या रस्त्यावर गोळी घातली आणि जर्मन ज्युरीने त्या तरुणाला निर्दोष सोडलं.

म्हणजे २०१६ मध्ये बर्लिनच्या संसदेत हा विषय आला तेव्हा तो दुसऱ्याच्या घरातला विषय नव्हता. याच शहरात आधीही तो दाबला गेला होता.

अडचण

२००५ मध्ये बुंडेसटागने एक ठराव केला होता. त्यात आर्मेनियन बळींची आठवण होती, जर्मन साम्राज्याच्या भूमिकेबद्दल खेद होता, पण ठरावाच्या मुख्य मजकुरात नरसंहार हा शब्द नव्हता. आजूबाजूच्या स्पष्टीकरणात इतिहासकार काय म्हणतात म्हणून तो आला, बस. त्याच वर्षी ब्रांडेनबर्ग राज्यात शाळेच्या अभ्यासक्रमातला आर्मेनियन नरसंहाराचा उल्लेख तुर्की राजनैतिक अधिकाऱ्याच्या तक्रारीनंतर काढला गेला, ओरड झाल्यावर परत घातला गेला. वारा कुठल्या दिशेने होता ते यावरून कळतं.

मग आलं शताब्दीचं वर्ष, २०१५. १२ एप्रिलला पोप फ्रान्सिस यांनी नरसंहार हा शब्द वापरला, तीन दिवसांनी युरोपियन संसदेने ठराव केला. जर्मन सरकारची मात्र तारांबळ. परराष्ट्रमंत्री श्टाइनमायर यांचं म्हणणं होतं की एका शब्दावर सगळं आणून ठेवलं तर तुर्कस्तान आणि आर्मेनिया यांच्यातला संवाद बंद होईल. सत्ताधारी आघाडीने मधला रस्ता म्हणून असं वाक्य शोधलं की आर्मेनियन लोकांचं भवितव्य हे विसाव्या शतकातल्या सामूहिक संहारांच्या, हकालपट्ट्यांच्या आणि हो, नरसंहारांच्या इतिहासाचं उदाहरण आहे. वाचून बघा, सगळं म्हटलंय आणि थेट काहीच म्हटलेलं नाही.

पण २३ एप्रिलला राष्ट्राध्यक्ष योआखिम गाउक यांनी बर्लिन कॅथेड्रलमधल्या प्रार्थनासभेत शब्द वापरला आणि जर्मनांचीही यात सहजबाबदारी, कदाचित सहअपराध आहे असं म्हटलं. दुसऱ्या दिवशी संसदेचे अध्यक्ष नोर्बर्ट लामर्ट यांनी सभागृहात स्पष्ट सांगितलं की हा नरसंहार होता. म्हणजे देशाच्या पहिल्या दोन पदांवरची माणसं बोलून मोकळी झाली आणि संसदेचा ठराव मात्र समित्यांकडे गेला आणि तिथे वर्षभर पडून राहिला.

आणि या वर्षात परिस्थिती पूर्ण पालटली. २०१५ च्या उन्हाळ्यापासून लाखो निर्वासित जर्मनीत आले. मार्च २०१६ मध्ये युरोपियन युनियन आणि तुर्कस्तान यांच्यात करार झाला की तुर्कस्तान निर्वासितांना थोपवेल, बदल्यात पैसे मिळतील, व्हिसात सवलत मिळेल वगैरे. चॅन्सेलर मर्केल यांचं देशातलं राजकारण त्या करारावर टेकलेलं होतं. शिवाय इस्लामिक स्टेटविरुद्धच्या मोहिमेसाठी जर्मनीची टोर्नाडो विमानं आणि साधारण अडीचशे सैनिक तुर्कस्तानातल्या इंजिर्लिक तळावर होते. म्हणजे ज्या ठरावाला २०१५ मध्ये थोडी किंमत मोजावी लागली असती त्याला २०१६ मध्ये मोठी किंमत लागणार होती.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय गप्प बसायचा. तो तसा संपलेलाच होता, कारण राष्ट्राध्यक्ष बोलून गेल्यावर संसदेचं मौन हेच एक मत झालं असतं.

दुसरा, २००५ सारखाच मजकूर पुन्हा, शब्द टाळून. यात अंकाराची नाराजी थोडी कमी झाली असती, पण आर्मेनियन लोकांना दुसऱ्यांदा सांगितल्यासारखं झालं असतं की तुमचं दुःख आम्हाला दिसतं पण नाव घ्यायची सोय नाही.

तिसरा तुर्कस्तानचा जुना प्रस्ताव, इतिहासकारांची संयुक्त समिती नेमा, दप्तरं उघडा, ते ठरवतील. ऐकायला रास्त वाटतं आणि अनेक प्रामाणिक लोकांनाही पटतं. माझा आक्षेप असा की स्वतंत्र इतिहासकारांचं प्रचंड काम आधीच झालेलं आहे, त्यात तुर्की इतिहासकारही आहेत, आणि ज्या देशात या विषयावर बोलल्याबद्दल दंडसंहितेच्या कलम ३०१ खाली, म्हणजे तुर्कपणाचा अपमान केला म्हणून, खटले भरले गेले तिथे समिती मोकळेपणाने काम करेल हे कसं धरायचं. ह्रांत डिंक या इस्तंबूलच्या आर्मेनियन पत्रकाराला त्याच कलमाखाली शिक्षा झाली आणि जानेवारी २००७ मध्ये त्याच्या ऑफिसबाहेर त्याला गोळ्या घातल्या.

चौथा पर्याय फ्रान्सच्या वाटेचा. फ्रान्सने २००१ मध्ये कायद्याने मान्यता दिली, नंतर नाकारणाऱ्याला शिक्षा करणारा कायदा आणला आणि तो त्यांच्या घटना परिषदेने २०१२ मध्ये रद्द केला. इथेही डिंकचीच आठवण होते. तो म्हणाला होता की असा कायदा झाला तर मी फ्रान्सला जाऊन नरसंहार झालाच नाही असं म्हणेन, आणि हे म्हणणारा माणूस स्वतःच्या देशात नेमकं उलट बोलल्याबद्दल खटले झेलत होता. बोलण्यावर बंदी नको, कुठल्याच बाजूने नको, हे त्याचं म्हणणं मला आजही सगळ्यात खरं वाटतं. जर्मनीने हा रस्ता घेतला नाही ते योग्यच केलं.

पाचवा पर्याय म्हणजे नाव घेऊन, पण सुरुवात स्वतःपासून करून ठराव. त्यात जर्मन साम्राज्याने काय केलं आणि काय केलं नाही हे लिहायचं, आजच्या तुर्की माणसांवर अपराध लादायचा नाही, आणि तुर्कस्तान-आर्मेनिया या दोन देशांनी २००९ मध्ये झुरिकला सह्या केलेले पण कधीच मंजूर न झालेले करार पुढे न्यायला मदत करायची.

प्रत्यक्षात काय केलं

फेब्रुवारी २०१६ मध्ये ग्रीन पक्षाने आपला ठराव मतदानाला आणायचं ठरवलं. त्यांचे तेव्हाचे सहअध्यक्ष स्वतः तुर्की मुळांचे, त्यांचाच यात पुढाकार. निर्वासित कराराची बोलणी ऐन भरात होती आणि सरकारी पक्षांना हे मतदान अजिबात नको होतं, कारण बाजूने मत दिलं तर अंकारा चिडणार आणि विरोधात दिलं तर जगासमोर नाचक्की. भर सभागृहात तडजोड झाली. ग्रीन नेत्याने ठराव मागे घेतला आणि बदल्यात ख्रिश्चन डेमोक्रॅट गटाच्या नेत्याने हात मिळवून शब्द दिला की सगळे मिळून नवा ठराव आणू.

या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय माझ्या मते हाच. त्यावेळी मतदान रेटलं असतं तर हेडलाइन मिळाली असती आणि ठराव पडला असता, कारण आघाडीकडे प्रचंड बहुमत होतं, आणि एकदा पडलेला ठराव तुर्की सरकारने वर्षानुवर्षं दाखवला असता. थांबल्यामुळे ठराव एका छोट्या पक्षाचा राहिला नाही. पण थांबायची ही रिस्क होती, दिलेला शब्द पाळला गेला नसता तर ग्रीन नेत्याच्या हातात काहीच उरलं नसतं. जाहीर ठिकाणी, सगळ्यांसमोर शब्द घेतला म्हणून तो मोडणं अवघड झालं असावं असं मला वाटतं.

मग मजकुरावर काम झालं. त्यातली तीन वाक्यं मला मोलाची वाटतात. जर्मन साम्राज्य ऑटोमन साम्राज्याचं मुख्य लष्करी मित्र होतं आणि स्वतःच्याच राजदूतांकडून, मिशनऱ्यांकडून माहिती मिळूनही त्याने हे थांबवायचा प्रयत्न केला नाही, याचा खेद. मग अपराध करणाऱ्यांचा दोष आणि आज जगणाऱ्यांची जबाबदारी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे. आणि शाळांमध्ये हा इतिहास शिकवला जावा, आर्मेनियन-तुर्की मुळांची मुलं एकाच वर्गात बसतात म्हणून तर जास्तच. शिक्षण तिथे राज्यांच्या हातात असतं त्यामुळे संसद फक्त विनंती करू शकत होती, ते तिने केलं.

मतदानाआधी बर्लिनमध्ये तुर्की संघटनांची निदर्शनं झाली, खासदारांना मेलवर शिव्या-धमक्यांचा पूर आला. २ जूनला लामर्ट यांनी बैठक सुरू करतानाच या धमक्यांचा उल्लेख केला आणि सांगितलं की संसद ही इतिहासकारांची समिती नाही आणि कोर्ट तर नाहीच, पण अडचणीचे प्रश्न टाळणंही तिला जमणार नाही. आजचं तुर्की सरकार शंभर वर्षांपूर्वीच्या घटनांना जबाबदार नाही, पुढे त्याचं काय होतं याची जबाबदारी मात्र त्याच्यावरही आहे, असंही ते म्हणाले. ख्रिश्चन डेमोक्रॅट, सोशल डेमोक्रॅट आणि ग्रीन यांचा संयुक्त ठराव होता, डाव्या पक्षाला नावात घेतलं नव्हतं तरी त्यांनीही बाजूने मत दिलं.

सभागृहात तीन माणसं नव्हती. चॅन्सेलर मर्केल, उपचॅन्सेलर गाब्रिएल आणि परराष्ट्रमंत्री श्टाइनमायर. तिघांचेही दुसरे कार्यक्रम होते. मर्केल यांनी दोन दिवस आधी पक्षाच्या गटात झालेल्या चाचणी मतदानात बाजूने हात वर केला होता, मुख्य मतदानाला मात्र त्या आल्या नाहीत.

ठरावानंतर

त्याच दिवशी तुर्कस्तानने राजदूत परत बोलावला. एर्दोआन तेव्हा केनियात होते, तिथूनच म्हणाले की याचे संबंधांवर गंभीर परिणाम होतील. हे अपेक्षितच होतं. अनपेक्षित होतं ते पुढचं. बुंडेसटागमध्ये तुर्की मुळं असलेले अकरा खासदार होते. एर्दोआन म्हणाले की यांचं रक्त लॅबमध्ये तपासायला हवं, हे कसले तुर्क. त्यानंतर या अकरा जणांवर धमक्यांचा मारा सुरू झाला, त्यांना गद्दार म्हटलं गेलं, पोलीस संरक्षण वाढवावं लागलं, तुर्कस्तानला जाऊ नका असा सल्ला त्यांना खुद्द परराष्ट्र खात्याने दिला. ज्यांचे काका-मावश्या, आजी-आजोबा तिथे आहेत त्यांना जाऊ नका सांगणं म्हणजे काय हे परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाला वेगळं समजवायला नको. लामर्ट यांनी ९ जूनला संसदेत याचा अतिशय कडक शब्दांत निषेध केला, एकविसाव्या शतकात लोकांनी निवडून दिलेला राष्ट्राध्यक्ष खासदारांच्या रक्ताबद्दल बोलेल असं वाटलं नव्हतं असं ते म्हणाले. सभागृह टाळ्या वाजवत होतं. पण सरकारचा सूर त्यामानाने फारच सौम्य होता.

तुर्की बाजूने एक मुद्दा मात्र खरा मांडला गेला. जर्मनीने आधी नामिबियाचा हिशोब द्यावा. १९०४ ते १९०८ मध्ये जर्मन वसाहती सैन्याने हेरेरो आणि नामा लोकांना वाळवंटात ढकलून मारलं होतं आणि २०१६ मध्ये जर्मन सरकारने त्याला अधिकृतपणे नरसंहार म्हटलेलं नव्हतं, ते घडलं २०२१ मध्ये. हा मुद्दा विषय टाळण्यासाठी काढला होता हे दिसतच होतं, तरी मुद्दा म्हणून तो बिनतोड होता.

जूनमध्येच इंजिर्लिकवरच्या जर्मन सैनिकांना भेटायला तुर्कस्तानने जर्मन प्रतिनिधींना नकार दिला. जर्मनीत सैन्यावर संसदेचं नियंत्रण असतं, सैनिक बाहेर पाठवायला संसदेची परवानगी लागते, त्यामुळे खासदारांना सैनिकांना भेटू न देणं ही फार मोठी गोष्ट. मग जुलैत तुर्कस्तानात लष्करी बंडाचा प्रयत्न झाला आणि सगळंच आणखी ताणलं गेलं. शेवटी २ सप्टेंबरला जर्मन सरकारच्या प्रवक्त्याने निवेदन केलं की संसदेला कुठल्याही विषयावर मत मांडायचा पूर्ण हक्क आहे, पण असा ठराव कायद्याने बंधनकारक नसतो. सरकारने ठरावापासून अंतर घेतलेलं नाही असं मर्केल यांनीही सांगितलं. शब्दशः एकही चूक नाही. पण ते वाक्य कोणासाठी, कधी आणि कशाच्या बदल्यात म्हटलं गेलं ते बर्लिनमध्येही सगळ्यांना कळलं आणि अंकारामध्येही. ऑक्टोबरमध्ये खासदारांना इंजिर्लिकला जाता आलं, राजदूतही परतला.

आणि या सवलतीतून काय मिळालं? मे २०१७ मध्ये बंडाशी संबंध जोडलेल्या तुर्की सैनिकांना जर्मनीने आश्रय दिला म्हणून भेटीवर परत बंदी आली. जूनमध्ये जर्मन सरकारने सैनिक आणि विमानं जॉर्डनला हलवायचा निर्णय घेतला आणि हलवलीही. म्हणजे ज्या तळासाठी सप्टेंबरमध्ये ते वाक्य उच्चारलं तो तळ सोडायचा निर्णय वर्षाच्या आतच घ्यावा लागला. निर्वासितांचा करार मात्र ठरावामुळे मोडला नाही, आणि सगळ्यात जास्त भीती त्याचीच घातली जात होती.

बाहेर याचे पडसाद उमटले. नेदरलँड्सच्या संसदेने २०१८ मध्ये, अमेरिकेच्या दोन्ही सभागृहांनी २०१९ मध्ये मान्यता दिली आणि २०२१ मध्ये अध्यक्ष बायडेन यांनी २४ एप्रिलच्या निवेदनात शब्द वापरला. भारताने अजून अधिकृत मान्यता दिलेली नाही, जरी आपले नेते आर्मेनियाच्या राजधानीत, येरेवानला, गेले की तिथल्या स्मारकावर फुलं वाहतात आणि मुंबईत फोर्टमध्ये जुनं आर्मेनियन चर्च उभं आहे. तुर्कस्तान-आर्मेनिया सीमा १९९३ पासून बंद आहे, दोन्ही देशांनी २०२१ च्या शेवटी विशेष दूत नेमले आणि बोलणी चालू केली. ठरावांमुळे संवाद कायमचा बंद होईल हा अंदाज काही खरा ठरला नाही.

कुठे वेगळं करता आलं असतं

सर्वात आधी वेळ. २०१५ मध्ये सगळं जुळून आलं होतं, शताब्दी होती, राष्ट्राध्यक्ष बोलले होते, निर्वासित करार अजून जन्मालाही आला नव्हता. तेव्हा ठराव समितीत टाकला तो योग्य वेळ येईपर्यंत म्हणून. आणि मग अशी वेळ आली की तुर्कस्तानातल्या सामान्य माणसालाही वाटावं की हे आमच्यावर दबाव टाकायला काढलंय. मान्यता पुढे ढकलली की ती स्वस्त होत नाही, इथे तर उघडउघड महाग झाली.

दुसरं, ती तीन रिकामी आसनं. मला हे सगळ्यात जास्त खटकतं. सरकार म्हणू शकतं की ठराव संसदेचा होता, आम्ही वेगळे, पण मर्केल स्वतः खासदारही होत्याच. त्या येऊन बसल्या असत्या, एक शब्द न बोलता मत देऊन गेल्या असत्या तरी अकरा तुर्की मुळांच्या खासदारांना एकटं गाठणं एर्दोआन यांना इतकं सोपं गेलं नसतं. देशाने घेतलेल्या निर्णयाचा राग कोणावर तरी निघणारच होता, आणि तो निघाला सगळ्यात उघड्यावर असलेल्या माणसांवर. हे आधी ओळखून संरक्षणाची, जाहीर पाठिंब्याची तयारी मतदानाआधी करायला हवी होती, धमक्या आल्यावर नाही.

सप्टेंबरच्या निवेदनाबद्दल जास्त लिहीत नाही. संसदेला मत मांडायचा हक्क आहे एवढं सांगून थांबता आलं असतं. पुढचं अर्धं वाक्य कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवायचं वाक्य आहे, ते परराष्ट्र धोरणात म्हटलं की त्याचा अर्थ बदलतो.

नामिबियाचं तर आधीच करायला हवं होतं. लामर्ट यांनी २०१५ मध्येच हेरेरो-नामा प्रकरणाला वैयक्तिकरीत्या नरसंहार म्हटलं होतं, संसदेने त्याच सुमारास दोन्ही विषय एकत्र घेतले असते तर जर्मनी फक्त दुसऱ्याकडे बोट दाखवते हे म्हणायला जागाच राहिली नसती. आर्मेनियन लोकांच्या दृष्टीनेही ते जास्त भक्कम झालं असतं.

आणि शेवटचं, तीस लाख लोकांशी बोलायचं राहून गेलं. २००५ ते २०१६ ही अकरा वर्षं हातात होती. जर्मनीत वाढलेल्या तुर्की मुळांच्या मुलाने घरी आणि तुर्की चॅनलवर एक गोष्ट ऐकली, शाळेत बहुतेक ठिकाणी काहीच ऐकलं नाही, आणि मग एक दिवस टीव्हीवर कळलं की आपल्या संसदेने आपल्या पणजोबांच्या देशाबद्दल असं असं म्हटलंय. त्याला राग आला तर नवल नाही. लेप्सियसचे कागद, कॉन्सुलांचे रिपोर्ट, आणि ज्या तुर्की अधिकाऱ्यांनी हद्दपारीचे हुकूम पाळायला नकार दिला त्यांच्या गोष्टी, हे सगळं वर्गात आधी पोचायला हवं होतं. कोन्याचा गव्हर्नर जेलाल बे अशांपैकी एक, त्याने शक्य होतं तोवर आर्मेनियन लोकांना पुढे पाठवणं रोखून धरलं आणि त्यासाठी पद गमावलं. आपल्यातलाही कोणीतरी तेव्हा नाही म्हणाला होता हे त्या मुलाला आधी कळलं असतं तर ठरावाकडे त्याने वेगळ्या नजरेने बघितलं असतं असं मला मनापासून वाटतं, आणि हे काम करायला संसदेच्या मतदानाची वाट बघायची काहीच गरज नव्हती, राज्यांच्या शिक्षण खात्यांना ते २००५ पासूनच करता आलं असतं.